पलीकडच्या खळ्यावरची बहीण

दशतक गावात हादरा आला की सगळं गाव नदीकडे धावायचं. मागे कडे उभे, हादऱ्यात त्यांच्यावरून दगड सुटतात. मोकळी जागा म्हणाल तर पंज नदीच्या काठावरचं खळं, तेवढीच. पलीकडच्या काठावर वेरश गाव. तेही असंच कड्याला पाठ टेकून बसलेलं, आणि त्यांचंही खळं काठावरच. दोन खळ्यांच्या मध्ये दीडशे पावलांचं पाणी. अलीकडे सोव्हिएत राज्य, पलीकडे अफगाणांचा मुलूख, आणि अलीकडच्या काठाने तारेचं कुंपण.

सगळ्यांत आधी खळ्यावर पोचायची ती कंदीलमो. आमच्याकडचे मोठे हादरे फार खोलातून येतात. आधी एक हलकी थाप बसते. फळीवरच्या वाट्या किणकिणतात, गाय कान टवकारते, आणि सगळं पुन्हा शांत होतं. मग वीसेक आकडे मोजून होतात न होतात तोच खरा हेलकावा येतो, लांबलचक, पाण्यावर बसल्यासारखा. बाकीचे त्या पहिल्या थापेला वारा समजून सोडून देत. कंदीलमो तेवढ्यात हातातली बादली खाली ठेवून निघालेली असे. बायका तिची थट्टा करत. "हिला भूकंप म्हणजे माहेरचा माणूस. दारात आला तर हातपाय धुवायला पाणी देईल," म्हणत. ती नुसती हसायची. थट्टा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की पलीकडच्या खळ्यावर तिची सख्खी बहीण येऊन उभी राहते.

बहिणीचं नाव दौलतबेगिम. कंदीलमोपेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई शेतात गेली की धाकटीला कडेवर घेऊन गावभर हिंडणारी तीच. तिचं लग्न वेरशच्या मुलाशी ठरलं तेव्हा कुणाला ते दूर वाटलं नाही; दशतक आणि वेरश म्हणजे एकाच गावाच्या दोन आळ्या. फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यावरून माणसं सकाळी जायची, दुपारी परतायची, कधीकधी नुसतं मीठ मागायला. नवरी तराफ्यावर बसली तेव्हा नऊ वर्षांच्या कंदीलमोने काठावर लोळण घेतली, मलाही न्या म्हणून. दौलतबेगिम पाण्यावरून ओरडून म्हणाली, "रडू नकोस गं, तुती पिकली की येते."

तुती पिकायच्या आत सरहद्द बंद झाली. तराफे काठावर रचून जाळले. तार आली, पहारेकरी आले, त्यांचे कुत्रे आले. कुंपणाच्या आतली माती रोज दाताळ्याने सारखी करायची, म्हणजे पाऊल उमटलं तर दिसावं. नदीकडे तोंड करून उभं राहायचं नाही, हात हलवायचा नाही, हाक मारायची नाही. दोन वर्षांनी मुलींचे वडील वारले तेव्हा त्यांच्या मामाने काठावर जाऊन पलीकडे ती बातमी ओरडून सांगितली. त्याच संध्याकाळी त्याला नेलं. आठ वर्षांनी तो परत आला आणि त्यानंतर मरेपर्यंत घरातसुद्धा कुजबुजत बोलला. पुन्हा गावातून कुणी पलीकडे हाक मारली नाही.

तसं पाहिलं तर वेरशची घरं समोरच दिसत. पण तिकडच्या बायका उंच भिंतींच्या अंगणात, आणि दशतकच्या बायका दिवसभर वरच्या शेतांत. दिसायचा तो चुलीचा धूर. दौलतबेगिमचं घर उजवीकडून तिसरं. धूर निघाला की कंदीलमोची आई म्हणायची, "उठली." दिवसभरात तिच्याविषयी एवढंच बोलणं व्हायचं.

कंदीलमो चौदा वर्षांची असताना, वसंतातल्या एका दुपारी, मोठा हादरा आला. जर्दाळूची झाडं फुललेली होती. हेलकाव्याने पाकळ्यांचा सडा पडला, ओढ्याचं पाणी काठाबाहेर सांडलं, कड्यावरून धुळीचा लोट उठला. सगळं गाव खळ्यावर आलं. पहारेकरीही आले. टोप्या हातात, तोंडं पांढरी, कुत्रा एकाच्या दोन पायांमध्ये शिरलेला. कुणी कुणाला 'तिकडे बघू नका' म्हणायच्या अवस्थेत नव्हतं. कंदीलमोने नदीपलीकडे पाहिलं. समोरच्या खळ्यावर वेरशची माणसं उभी होती, आणि त्यांत एक बाई एका पायावर भार देऊन, कमरेवर हात ठेवून उभी होती. तोंड दिसण्याइतकं अंतर कमी नव्हतं. पण तसं उभं राहणारं माणूस या दोन काठांवर एकच होतं. तिच्या कडेवर एक मूल, दुसरं झग्याला धरून. बाईने अलीकडच्या काठाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग कडेवरचं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि त्याचं तोंड नदीकडे केलं.

आईने कंदीलमोचा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ राहिला. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "दोन आहेत. धाकटी मुलगी वाटते."

तेव्हापासून हादरे मोजणं सुरू झालं. मोठे म्हणावेत असे वर्षाला दोन किंवा तीन, एखाद्या वर्षी एकही नाही. रात्री आला तर उपयोग नसायचा, अंधारात काय दिसणार. दिवसाचे तेवढेच आपले. त्या हिशेबाने कंदीलमोला कळलं की बहिणीला तिसरं मूल झालं. पुढच्या वेळी चार दिसली. त्याच्या पुढच्या वेळी तीनच.

आई गेली त्या वर्षी हादरा यायला पाच महिने लागले. आमच्याकडे घरात मयत झाली की बायका वेण्या सोडतात. सुतकाचे दिवस संपले तरी कंदीलमोने केस बांधले नाहीत. शेजारणी म्हणाल्या, आता पुरे, लोक नावं ठेवतील. ती ऐकेना. शरदात एका सकाळी थाप बसली. ती खळ्याच्या पुढच्या टोकाला गेली, डोक्यावरचं फडकं काढलं आणि मोकळ्या केसांनी तशीच उभी राहिली. हात हलवायला बंदी होती, डोकं उघडं करायला नव्हती. पलीकडे दौलतबेगिमने आधी तिला पाहिलं, मग तिच्या डाव्या बाजूला पाहिलं, जिथे दरवेळी आई असायची. मग ती मटकन खाली बसली. तिच्याभोवती बायका जमल्या आणि त्यांच्याआड ती दिसेनाशी झाली. घरी येऊन कंदीलमोने वेण्या घातल्या.

तिचं लग्न झालं होतं ते गावातल्याच शोहबेकशी. सात महिने संसार झाला. तो लढाईवर गेला, दोन पत्रं आली, मग सरकारी कागद आला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला वाईट वागवलं नाही, पण घरात तिचं असं काही उरलंही नाही. ती आईच्या घरी परतली आणि सामुदायिक शेतीच्या गोठ्यावर धारा काढायच्या कामाला लागली. तिथेच पुढची तीस वर्षं गेली.

त्यातल्याच एका वर्षी वरून हुकूम आला की डोंगरातली गावं खाली कापसाच्या मैदानात न्यायची. शेतीचा प्रमुख अलिनजर दारोदार फिरून समजावत होता. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून टोचणी होती. कंदीलमोच्या दारात तो सगळ्यांत शेवटी आला, कारण ती एकटी, तिचं काय अवघड असणार असं त्याला वाटलं. त्याने सांगितलं, तिकडे वीज आहे, दवाखाना आहे, बायका कमी आणि रंडके पुरुष पुष्कळ आहेत.

"मला इथेच राहायचंय," ती म्हणाली.

"इथे काय आहे तुझं? नवरा नाही, पोर नाही. दोन खोल्या आणि वर कडा. एक दिवस येईल खाली."

"येऊ दे."

अलिनजरने नदीकडे पाहिलं, मग पायाकडे पाहिलं. तोही या गावचाच. तो आवाज खाली करून म्हणाला, "वर्षातून दोनदा, कंदीलमो. तेही देवाने हलवलं तर. एवढ्यासाठी अख्खं आयुष्य?"

"तुला तुझी बहीण रोज दिसते, अलिनजर," ती म्हणाली. "तुला दोनदा म्हणजे थोडं वाटणारच."

त्याने यादीत तिच्या नावापुढे 'दुधाळ गाईंसाठी आवश्यक' असं काहीतरी लिहिलं आणि तो गेला. बावीस घरं उठली. मैदानातल्या उन्हाने त्यांतली बरीच माणसं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. दशतकात नऊ घरं राहिली. थट्टा करणाऱ्या बायकाही मैदानात गेल्या होत्या. आता हादरा आला की खळ्यावर तीस-चाळीस माणसं जमायची, एकमेकांपासून दूर दूर उभी. जागा मोठी आणि माणसं थोडी झाली होती.

एकदा मोठ्या हादऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी राजधानीहून एक रशियन बाई आली, लिदिया पेत्रोवना. भूकंपाचा अभ्यास करणारी. घरोघरी जाऊन विचारायची, काय पडलं, काय फुटलं, पहिली थाप आणि मोठा हेलकावा यांच्यात किती वेळ गेला. लोकांनी सांगितलं, कंदीलमोला विचारा. कंदीलमोने मागच्या एकोणीस हादऱ्यांची वेळ, ऋतू आणि मधले आकडे तोंडपाठ सांगितले. बाईची लेखणी थांबेना. शेवटी तिने विचारलं, हे तुम्ही का लक्षात ठेवता. कंदीलमो म्हणाली, गाई बिथरतात ना, म्हणून.

लोणी घातलेली खारी शिरचाय पिता पिता लिदिया पेत्रोवनाने तिला समजावलं. हिंदुस्तानची जमीन दक्षिणेकडून रेटा देत उत्तरेला सरकते आहे. या डोंगरांशी तिची टक्कर आहे, म्हणून हे डोंगर. त्या टकरीत जमिनीचा एक तुकडा दुमडून खाली खाली गेला आहे, आणि तो पार खोलवर, दोनशे किलोमीटरवर मोडतो, तेव्हा हादरा येतो. उथळ भूकंप एखादंच गाव चिरडतो; हा खोलातला शेकडो गावांना हलवतो, पण बहुतेक वेळा जीव राखून.

कंदीलमोने विचार करून विचारलं, "तिकडे जास्त बसतो का? पलीकडे?"

"पलीकडे म्हणजे?"

कंदीलमोने नदीकडे पाहिलं नाही. नुसती हनुवटी किंचित वळवली.

बाईला समजलं असावं. ती म्हणाली, "दोनशे किलोमीटर खालून ही नदी म्हणजे एक केससुद्धा नाही. दोन्हीकडे सारखाच बसतो. एकाच क्षणी."

ती गेल्यावर कंदीलमो कितीतरी दिवस त्या 'एकाच क्षणी'वर विचार करत होती. आपल्या वाट्या किणकिणतात तेव्हाच तिच्याही किणकिणतात. आपण बादली ठेवतो तेव्हा तीही काहीतरी खाली ठेवत असेल. हे कुणाला सांगावं असं गावात तिला कुणी दिसलं नाही.

दोघी म्हाताऱ्या झाल्या. दौलतबेगिम काठी घेऊन येऊ लागली. मग एका वसंतात भर दुपारी हादरा आला आणि पलीकडच्या खळ्यावर ती नव्हती. तिसऱ्या घरातली माणसं ओळखू येत होती: तिचा थोरला, त्याची बायको, नातवंडं. एक बाई हिरवी शाल घेऊन खळ्याच्या पडक्या भिंतीवर चढून उभी होती आणि तिच्याआड मागची माणसं दिसत नव्हती. कंदीलमो मान वाकडी करकरून पाहत राहिली. कुणाच्या वेण्या सुटलेल्या नव्हत्या. पण गेली असली आणि सुतक कधीच फिटलं असलं तर?

पुढचा हादरा सात महिन्यांनी आला. तेव्हाही नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. ती हिरव्या शालीची बाई मात्र दरवेळी भिंतीवर, नेमकी मध्ये. ही बया बाजूला का होत नाही, म्हणून कंदीलमोने मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या.

शेवटी ती गावच्या खलिफाकडे, साहिबनजरकडे, गेली. आमच्यात मेलेल्या माणसासाठी घरात दिवा लावून रात्रभर प्रार्थना म्हणतात, ते खलिफाच करतो. तिने विचारलं, बहिणीसाठी दिवा लावाल का. साहिबनजरने दाढी कुरवाळली. मग म्हणाला, "जिवंत माणसाचा दिवा लावला तर पाप मला लागेल. मेली हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग जिवंत धर."

"धरते हो," ती म्हणाली, "पण रोज धरवत नाही."

सकाळी तिसऱ्या घरातून धूर निघायचा. आता 'उठली' म्हणायला तिचं तिलाच धजायचं नाही. अशी वर्षं गेली, अकरा. मग त्याहून जास्त. सोव्हिएत राज्य गेलं, पगार गेला, गोठ्यातल्या गाई वाटून घेतल्या. दोन हिवाळे माणसांनी तुतीच्या पिठावर काढले. पलीकडे लढाया, अलीकडे लढाया. तार तशीच, पहारेकरी तसेच. कंदीलमोला गुडघ्यांमुळे खळ्यावर पोचायला वीस आकडे पुरेनासे झाले. ती पोचायची तोवर हेलकावा अर्धा झालेला असायचा.

आणि मग, ती ऐंशीला टेकली असताना, नदीच्या खालच्या अंगाला पूल झाला आणि पुलाजवळ दर शनिवारी दोन्ही काठांचा बाजार भरू लागला. पहाऱ्याखाली, कागद तपासून, पण भरू लागला. कंदीलमोने एका व्यापाऱ्याबरोबर निरोप धाडला, वेरशच्या उजवीकडून तिसऱ्या घराला. तीन शनिवार ती गावातल्या मुबोरकच्या जीपमधून चार तासांचा रस्ता काढून गेली आणि बाजारात एका पोत्यावर बसून राहिली. चौथ्या शनिवारी साठी उलटलेली एक बाई तिच्यासमोर येऊन थांबली. अंगावर हिरवी शाल होती, विटलेली.

"तुम्ही दशतकच्या कंदीलमो?"

"हो."

"मी बखमल. दौलतबेगिमची मुलगी." ती खाली वाकली, म्हातारीचा हात घेऊन ओठांना लावला आणि बाजूला बसली. "आईला जाऊन नऊ हिवाळे झाले, खाला."

कंदीलमोने मान हलवली. ती म्हणाली, "नऊ. पण खळ्यावर यायची ती त्याच्या किती आधीच थांबली. मी बघत होते."

"तिची नजर गेली होती. एका हिवाळ्यात दोन्ही डोळे. मग म्हणाली, आता मी जाऊन काय करू. खांबाला धरून आतच बसायची. आम्ही ओढायचो, भिंत पडेल म्हणायचो, ऐकायची नाही. मलाच पिटाळायची. जा, भिंतीवर चढ, बघून ये. परत आले की एकेक विचारायची. आली होती का? काठी घेतली का तिनेही? बारीक झाली का? एकटीच होती का कुणी बरोबर होतं?"

"काय सांगायचीस?"

बखमल जरा घुटमळली. "एकटी असायचात. पण मी सांगायचे, आहेत शेजारी चार बायका."

म्हातारीने त्या विटलेल्या शालीचं टोक बोटांत धरून पाहिलं. मग म्हणाली, "भिंतीवरची ती तूच होय. मी तुला फार शिव्या घातल्यात, पोरी. म्हटलं, ही बया माझ्या आपाला झाकून उभी राहते."

बखमल हसली आणि हसता हसता शाल तोंडाशी धरून रडायला लागली. कंदीलमोला रडू आलं नाही. तिने बखमलच्या पाठीवर हात ठेवला. या पाठीची तिला सवय नव्हती. हीच का ती कडेवरून कडेवर घेतलेली, असं विचारावंसं वाटलं, पण त्या वयातलं बखमलला काय आठवणार.

"माझ्याबद्दल काय सांगायची तुझी आई?"

"सांगायची की तुम्ही दुधावरची साय चोरून खायचात आणि मांजरावर ढकलायचात. तुमच्या उजव्या कानामागे तीळ आहे. गोष्ट ऐकता ऐकता तिचाच अंगठा धरून झोपायचात."

"आणखी?"

"एवढंच हो, खाला. तिच्यासाठी तुम्ही नऊ वर्षांच्याच होता. आम्ही म्हणायचो, आई, ती आता म्हातारी झाली. तर म्हणायची, झाली असेल."

पहारेकऱ्याने बाजार उठवायची शिट्टी वाजवली. बखमलने वाळलेल्या जर्दाळूंचं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. पुढच्या शनिवारी येते म्हणाली, आणि खरंच आली. त्याच्या पुढच्याही आली. तोवर साहिबनजरच्या मुलाने, आता तोच खलिफा होता, दशतकात दौलतबेगिमचा दिवा लावला. हिवाळ्यात पलीकडे पुन्हा गोळीबार सुरू झाला आणि बाजार बंद पडला, तो कंदीलमोच्या हयातीत काही उघडला नाही.

बखमल पहिल्यांदा भेटली त्या शनिवारी परत येताना मुबोरकने गाडी चालवता चालवता विचारलं, माणूस भेटलं का आजी. ती म्हणाली, भेटलं. त्याला बरं वाटलं. तो आपल्या मॉस्कोतल्या भावाच्या गोष्टी सांगायला लागला. ती ऐकल्यासारखं करत होती. तिचं बोट उजव्या कानामागे गेलं होतं आणि तिथे चाचपडत होतं. तीळ असतो तो बोटाला लागत नाही, आणि आरशात स्वतःच्या कानामागचं दिसत नाही. दशतकात हा तीळ पाहिलेलं आता कुणी उरलं नव्हतं. त्याबद्दल मुबोरकला विचारावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण रस्ता अरुंद होता आणि त्याची नजर समोर होती. तिने फडकं पुन्हा नीट कानांवरून ओढून घेतलं.